चमचाभर मैदा



उपवासकाळातल्या शुक्रवारी आपल्या मासळीबाजारात एवढी गर्दी का असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मांस वर्ज्य, म्हणून आपण पापलेट तळतो, कोळंबीचे कालवण करतो आणि जेवून उठताना ख्रिस्तसभेचा नियम पाळल्याचे समाधानही मानतो. नियम मोडला का? नाही. मग पाळला का? इथे मात्र आपण जरा अडखळतो.

नियमाचा हा प्रश्न माझ्या मनात शिरला तो एका गाजराच्या केकमुळे. तो केक मी पाहिला नाही, चाखला तर नाहीच. माझ्या मावसबहिणीने तो २०१९ साली इस्रायलमधल्या हैफा शहरात केला होता. ती तिथे एका वृद्ध ज्यू बाईंची देखभाल करायला राहिली होती. त्यांना ती ‘सावता’ म्हणायची. हिब्रूत सावता म्हणजे आजी. सावतांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. उजेड-अंधार कळे, माणसाची आकृती कळे, पण ताटात काय वाढले आहे ते सांगावे लागे.

त्या वर्षी १९ एप्रिलला आपला गुड फ्रायडे होता आणि त्याच संध्याकाळी ज्यू लोकांचा वल्हांडण सण सुरू झाला. हिब्रूत या सणाला ‘पेसाह’ म्हणतात. आपला ‘पास्का’ हा शब्द तिथूनच आला. मिसर देशाच्या गुलामगिरीतून देवाने आपल्या लोकांना सोडवले, त्याची ही आठवण. ते इतक्या घाईत निघाले की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, ती तशीच खांद्यावर टाकून त्यांनी घर सोडले, असे निर्गमच्या १२व्या अध्यायात आपण वाचतो. म्हणून त्या सणात खमीर चालत नाही.

खमीर म्हणजे काय हे आपल्या बायकांना शिकवायला नको. ताडी घालून पीठ रात्रभर ठेवले की सकाळी फुगे कसे टम्म होतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. ज्यू धर्मशास्त्राने याचा फार बारकाईने विचार केला आहे. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट ही गव्हाच्याच जातीची एक जुनी वाण, या पाच धान्यांपैकी कोणत्याही पिठाला पाणी लागले आणि ते भाजल्याशिवाय १८ मिनिटे तसेच राहिले, तर ते खमीर धरले असे मानतात. म्हणून त्यांची बेखमीर भाकर, म्हणजे मात्सा, पाणी घातल्यापासून १८ मिनिटांच्या आत भट्टीतून बाहेर आलेली असते. सणाच्या आधी घरातले सगळे खमीर काढून टाकायचे. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन कानाकोपऱ्यात शोधायचे, पिसाने कण गोळा करायचे आणि सकाळी जाळून टाकायचे. एरवीची भांडी बाजूला, सणाची भांडी वेगळी. इस्रायलमध्ये हा सण सात दिवस चालतो, इतरत्र बहुतेक ठिकाणी आठ दिवस.

आता तुम्ही विचाराल, पीठच चालत नाही तर केक कसा चालतो? माझ्या बहिणीनेही हेच विचारले. सावतांचे आईवडील पूर्व युरोपातून आलेले. तिकडे हिवाळा संपता संपता येणाऱ्या या सणाला तळघरात जपून ठेवलेली गाजरे, बीट, बटाटे हीच भाजी उरलेली असायची. बर्फाच्या मुलखात ताजे दुसरे काय मिळणार? म्हणून त्या लोकांनी गाजराचे कितीतरी गोड प्रकार शोधून काढले. एक आहे इंगबरलख. गाजर किसून साखरेत आटवायचे, त्यात सुंठ किंवा आले घालायचे, ओल्या फळीवर थापायचे आणि चौकोनी तुकडे पाडायचे. म्हणजे आपली गाजराची वडी आणि आलेपाक यांची गाठच म्हणा ना! आणि दुसरा हा केक. सहा अंडी घ्यायची, पिवळे आणि पांढरे वेगळे करायचे. पिवळ्यात साखर फेटायची, पाव किलो बदामाची पूड आणि तेवढेच किसलेले गाजर घालायचे, लिंबाची साल किसून टाकायची, बटाट्याचे सत्त्व दोन चमचे. पांढरे मात्र वेगळे, भांडे उलटे केले तरी पडणार नाही इतके फेटायचे आणि हलक्या हाताने मिसळायचे. मध्यम आचेवर पाऊण तास. केक फुगतो तो खमिराने नव्हे, पांढऱ्यात कोंडलेल्या हवेने. धान्याचे पीठ नाही, आंबणे नाही, त्यामुळे नियमाला कुठेच धक्का नाही.

“सावता, ही पळवाट नाही का?” माझ्या बहिणीने हसत विचारले होते. “दुःखाची भाकर खायचे दिवस, आणि आपण केक करतो!”

सावता म्हणाल्या, “मात्सा गुलामाची भाकर आहे, पण ती आम्ही सुटका झालेल्या माणसांसारखी बसून खातो. देवाने खमीर वर्ज्य केले, आनंद नाही. आणि सहा अंडी हाताने फेटताना तू विसरशील का, आज कोणता दिवस आहे?”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. गाजराचा केक आणि आपले शुक्रवारचे पापलेट, दोन्ही नियमात बसतात. मग फरक कुठे आहे? मला वाटते, फरक आठवणीत आहे. तो केक करताना प्रत्येक पायरीवर सणाची आठवण होते. हे चालत नाही, म्हणून ते घ्यायचे. ही पूड नको, ती हवी. नियमाच्या कुंपणाच्या आत राहून फुललेली ती बाग आहे. आपले पापलेट मात्र आठवण पुसायला मदत करते. ताटात इतके चांगले असते की शुक्रवार आहे, प्रभू क्रूसावर आहे, हे मनात येतच नाही. ज्यू लोकांतही याबाबत एकच मत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही हासिदी पंथीय घरांत सणाच्या दिवसांत मात्सा पाण्यात भिजवतसुद्धा नाहीत, न जाणो आत एखादा कण कोरडा राहिला असेल तर! आपण हसू. पण हसण्याआधी आपल्या वेदीकडे पाहावे. आपल्या मिस्सेतली भाकर गव्हाची आणि बेखमीर असावी लागते. गव्हातले ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लुटेनची भाकर चालते, पण ग्लुटेन मुळीच नसलेली चालत नाही, हे व्हॅटिकनने २०१७ सालच्या पत्रकात पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे एका कणाला आपणही जपतोच की! जिथे प्रेम असते तिथे कण लहान राहत नाही.

आपल्या कोकणातली एक गोष्ट मला इथे आठवते. अलिबाग, रेवदंडा, नागाव या भागात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल हे आपले मराठी बोलणारे ज्यू बांधव. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बाहेरच्या ज्यू जगाशी त्यांचा संबंध तुटला होता. हिब्रू विसरली, मिसरमधून सुटकेची कथाही पुसट झाली. पण वल्हांडणाच्या दिवसांत ते एक सण पाळत, ‘अनाशी ढाकाचा सण’. घरातले आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचे, एवढेच. का झाकायचे, हे कुणाला सांगता येत नसे. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ही नोंद करून ठेवली आहे. पुढे शिक्षण आले, ग्रंथ आले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली आणि तिच्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात! कथा हरवली होती, पण झाकण शिल्लक होते. त्या झाकणाने कथेची जागा राखून ठेवली. लहान नियमाला आपण कवडीमोल समजतो, पण कधी कधी तोच शेवटचा धागा असतो.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२१ एप्रिलला आपला ईस्टर होता. माझी बहीण सकाळी कार्मेल डोंगरावरच्या स्टेला मारिस मंदिरात मिस्सेला जाऊन आली. घरची आठवण येत होती. ईस्टरला आपल्याकडे घरोघरी गोड होते, म्हणून तिने सावतांना म्हटले, “आज तुमचा गाजराचा केक मी करते. तुमचाही सण, माझाही सण.” सावता खूश झाल्या. खुर्चीत बसून त्यांनी सगळे सांगितले आणि हिने सगळे तसेच केले. केक छान फुगला. तो भट्टीतून काढून टेबलावर ठेवला आणि तेव्हा हिच्या लक्षात आले. केकच्या भांड्याला तूप लावून त्यावर मैदा भुरभुरवायचा, ही आईने लावलेली सवय. तुमच्या-माझ्या हातालाही तीच सवय आहे. हिच्या स्वतःच्या खोलीत चपात्यांसाठी आणलेली मैद्याची पुडी होती. घरातले खमीर काढताना ती पुडी हिची म्हणून तिथेच राहिली होती. भांडे तयार करताना हिचा हात न विचारताच त्या पुडीकडे गेला होता. चमचाभर मैदा. चमचाभरसुद्धा नसेल.

सावता स्वयंपाकघरातल्या वासाने हसत होत्या. त्यांना दिसत नव्हते. त्यांना कधीच कळले नसते.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबा. तुम्ही काय केले असते?

गप्प राहण्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, हिने मुद्दाम केले नव्हते. पापाला जाणीव आणि संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. दुसरी, सावतांना ठाऊकच नाही तर त्यांना कसला दोष? तिसरी, बाहेरून तोंडात जाणारे अन्न माणसाला भ्रष्ट करत नाही, हे प्रभू येशूनेच सांगितले (मार्क ७). मग आपल्या दृष्टीने त्या मैद्यात वाईट ते काय? चौथी, सांगून त्या म्हाताऱ्या जिवाला सणाच्या दिवशी दुःख कशाला द्यायचे? हे चारही मुद्दे माझ्या बहिणीच्या मनात त्या पाच मिनिटांत येऊन गेले. एकही मुद्दा खोटा नाही. आणि तरीही चारही मिळून चुकीच्या जागी नेतात.

का? कारण चारही मुद्द्यांत मैदा माझ्या मापाने मोजला आहे. माझ्या धर्मात हे चालते, म्हणून काही बिघडले नाही. पण घास माझ्या तोंडात जाणार नव्हता. ज्यांच्या तोंडात जाणार होता, त्यांचे माप वेगळे होते. वल्हांडणाच्या दिवसांत हजारातला एक कण खमिराचा असला तरी ते अन्न त्यांना चालत नाही. हे माप बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. तो उघडपणे घालता येतो. पण एखाद्याच्या नकळत त्याच्या ताटात तो वाद निकालात काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

लेवीयच्या १९व्या अध्यायात एक आज्ञा आहे, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. आंधळ्याच्या वाटेत मुद्दाम धोंडा ठेवणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मग देवाला ही आज्ञा वेगळी सांगायची गरज का पडली? ज्यू धर्मगुरूंनी तिचा अर्थ मोठा केला. ज्याला एखादी गोष्ट कळत नाही किंवा एखादी गोष्ट वर्ज्य आहे, त्याला त्यात पाडणे म्हणजेच धोंडा ठेवणे. तालमुदात उदाहरण दिले आहे ते द्राक्षारस सोडण्याचे व्रत घेतलेल्या नाजीराचे. त्याच्या हातात द्राक्षारसाचा पेला देऊ नये. देणाऱ्याला द्राक्षारस चालतो की नाही, हा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे हा उल्लेख तालमुदाच्या वल्हांडणावरच्या भागात येतो.

आणि आपला संत पौल? तोही त्याच परंपरेत वाढलेला. रोमकरांच्या पत्राच्या १४व्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही, अशी त्याची खात्री आहे. तितक्याच स्पष्टपणे तो हेही सांगतो की भावाच्या वाटेत अडखळण ठेवू नका. माझे स्वातंत्र्य खरे आहे, पण ते माझे आहे. ते दुसऱ्याच्या तोंडात कोंबण्यासाठी नाही.

माझी बहीण सावतांच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि मोडक्यातोडक्या हिब्रूत तिने सांगून टाकले. सावता बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी केक टाकून द्यायला सांगितला. भांडे एरवीच्या भांड्यांत ठेवून दिले. भट्टीचे काय करायचे ते आपल्या रब्बींना फोन करून विचारून घेतले. हिला रडू येत होते. सगळे आटोपल्यावर सावतांनी हिचा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, “आता उरलेले दिवस तुझ्या हातचे मी निर्धास्त खाईन.”

ताई, मला वाटलं होतं त्या मला स्वयंपाकघरातच येऊ देणार नाहीत, असे माझी बहीण मला सांगत होती. झाले ते उलटेच. ज्या माणसाला दिसत नाही, त्याने आपले डोळे दुसऱ्याकडे ठेव म्हणून दिलेले असतात. केक वाया गेला, ठेव वाचली.

ही गोष्ट ऐकल्यावर मी त्या रात्री झोपू शकले नाही. त्याचे कारण आता सांगते. हे लिहायला मला जड जाते आहे.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, मासमच्छी आणि अंडे वर्ज्य. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नाताळात मी त्यांच्याकडे खजुराच्या केकचे ताट घेऊन गेले. त्यांनी विचारले, “अंडं नाही ना गं यात?” केकमध्ये चार अंडी होती. मी म्हटले, “नाही हो काकू, खुशाल खा.” का म्हटले? वाईट हेतू नव्हता. ताट परत न्यायला संकोच वाटला. त्यांनी आमच्या सणाचे गोड खावे असे मनापासून वाटत होते. आणि मनात खोल कुठेतरी हेही होते की अंड्याने काय होते? पुढच्या नाताळात त्यांनी विचारलेही नाही. विश्वासाने घेतले. असे सात-आठ नाताळ गेले.

माझ्या बहिणीचे चुकून झाले आणि तिने पाच मिनिटांत सांगितले. माझे जाणूनबुजून झाले आणि मी वर्षानुवर्षे गप्प राहिले. मी कुमसारातही ते कधी सांगितले नव्हते, कारण ते पाप आहे असे मला वाटलेच नव्हते. डोळे तर मीच बांधून घेतले होते.

मी काकूंकडे गेले आणि सांगितले. त्यांचा हात माळेकडे गेला. त्या एवढेच म्हणाल्या, “दर वर्षी?” मी हो म्हटले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. “सांगितलंस ते बरं केलंस,” म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या नाताळात मी पाठवलेल्या ताटातली केळी त्यांनी ठेवून घेतली, बाकीचे ताट झाकून परत दिले. मला वाईट वाटले, पण तक्रार करायला जागा नव्हती. उशिरा सांगितलेल्या सत्याला किंमत मोजावी लागते. क्षमा एका दिवसात मिळू शकते, विश्वास मात्र नाही.

पुढच्या वर्षी मी त्यांना विचारले, “काकू, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या भांड्यात, तुमच्या समोर गाजराच्या वड्या केल्या तर चालेल?” त्या थोड्या वेळाने “ये” म्हणाल्या. गाजरे त्यांनीच किसून ठेवली होती. सावतांच्या घरच्यासारखे मी त्यात आले घातले. वड्या पाडल्यावर काकूंनी एक तळहातावर घेतली, काही क्षण पाहिली आणि मग खाल्ली. ते काही क्षण मला फार मोठे वाटले.

प्रिय बंधुभगिनींनो, या उपवासकाळात आपण काय सोडले याचा हिशोब आपण देवाला देऊच. पण आपल्या हातचे खाणारी माणसेही आहेत. पथ्य सांभाळणारे सासू-सासरे आहेत, उपवास करणारे शेजारी आहेत, आपल्या घरात दुसऱ्या धर्मातून आलेली सून आहे. ते आपल्याला विचारतात, “यात अमुक नाही ना?” किंवा विचारतही नाहीत, विश्वासाने तोंड उघडतात. त्यांचा नियम आपल्याला पटो वा न पटो, त्या क्षणी त्यांचे डोळे आपल्याकडे ठेवलेले असतात.

पवित्र आठवड्यात ज्यू घरांप्रमाणे आपणही एक मेणबत्ती घेऊन आपल्या मनाचे कानेकोपरे शोधू या. जुने खमीर काढून टाका, असे संत पौलाने करिंथकरांना कळवले होते, आणि ते त्याने पास्काच्याच संदर्भात लिहिले. ते खमीर मोठ्या पोत्यात सापडेलच असे नाही. बहुधा ते कुठेतरी पुडीत असेल, चमचाभर. ते सापडले, तर कुमसाराला जाऊ या. आणि मग ज्या दारावर जायला हवे, त्या दारावरही जाऊ या.